शून्य म्हणजे ठेवा

ऑफिसात तिला सगळे वेलांटी म्हणत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिनं साहेबांच्या केबिनच्या दारावरच्या पाटीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक पेन्सिलीनं दुरुस्त केली होती, तेव्हापासून. त्याला अठरा वर्षं झाली. साहेब बदलले, पाटी बदलली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

कंपनी छोटे प्रिंटर बनवायची. दवाखान्यात रक्ताचा नमुना घेतात त्या नळीवर पेशंटच्या नावाचं दोन बोटांएवढं लेबल असतं, ते छापणारे. संगणक एक भाषा बोलतो आणि यंत्र दुसरी, म्हणून दोघांच्या मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ड्रायव्हर लिहायचे मिस्त्री. तेही खरं नाव नव्हे. काय करता, असं कुणी विचारलं की ते "मिस्त्रीकाम" असं उत्तर देत, एवढंच. आणि त्या ड्रायव्हरला काय सांगितलं की तो काय करतो, हे माणसांना कळेल अशा भाषेत लिहून त्याची पुस्तिका करायचं काम वेलांटीचं.

ड्रायव्हरची नवी आवृत्ती निघणार होती, म्हणून दोघं जुनी पुस्तिका तपासायला बसले. ती एकेक ओळ मोठ्यानं वाचायची आणि मिस्त्री पडद्यावर मूळ प्रोग्रॅम बघून "बरोबर" म्हणायचे. सकाळपासून सहा कलमं झाली होती.

"कलम सात," ती म्हणाली. "कागद अडकल्यावर अर्धवट राहिलेल्या लेबलाचं काय करायचं. शून्य म्हणजे पुसा, एक म्हणजे ठेवा."

"उलटं वाचलंस."

"छापलंय तेच वाचलं."

"मग छापलंय उलटं. शून्य म्हणजे ठेवा."

"ह्या वेळी बदललंत का तुम्ही?"

"नाही गं. पहिल्या दिवसापासून असंच आहे." मिस्त्री खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, बघ. पुस्तिका वाचतंय कोण म्हणा."

वेलांटी हसली नाही. तिच्या टेबलाखाली जुन्या कागदांची खोकी होती, कारण कुठलाही कागद टाकून द्यायला तिचा हात धजावत नसे. तिसऱ्या खोक्यात तिला मिस्त्रींच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली: अडकलेलं लेबल – शून्य ठेवा, एक पुसा. त्यावर तिच्या लाल पेननं दोन बाण काढून शब्दांची अदलाबदल केलेली होती.

तिला सगळं आठवलं. पुस्तिकेत बाकी सगळीकडे शून्य म्हणजे नको आणि एक म्हणजे हवं असं होतं. इथंच तेवढं उलटं दिसलं, तेव्हा लिहिताना मिस्त्रींचीच गडबड झाली असणार असं तिनं धरलं. मिस्त्री त्या आठवड्यात बहिणीच्या आजारपणासाठी रजेवर होते. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला फोन करायचा, असा विचार करून तिनं ती चूक स्वतःच सुधारली होती. चूक नव्हतीच. तिनं सुधारली तेव्हा ती झाली.

मिस्त्रींनी चिठ्ठी हातात घेतली आणि लाल बाणांवरून बोट फिरवलं.

"मी माझीच पुस्तिका कधी वाचली नाही," ते म्हणाले. "माझंही आहे यात."

ती मात्र उठून जुन्या तक्रारींच्या यादीत शिरली होती. कलम सात असं शोधायला टाकलं आणि एकच तक्रार आली. एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागातल्या तंत्रज्ञानं लिहिलेली: "पुस्तिकेत दिल्याप्रमाणे कलम सातमध्ये शून्य ठेवले आहे. तरीही काल कागद अडकल्यानंतर आधीच्या पेशंटचे लेबल पुढच्या नळीसाठी छापले गेले. मी वेळीच पाहिले म्हणून निभावले. पुस्तिकेत काही चूक आहे का, कृपया तपासावे." खाली उत्तर होतं: "पुस्तिका तपासली. वर्णन योग्य आहे. प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करावा." उत्तराखाली तिचं नाव. तक्रार आल्याची वेळ आणि मिटवल्याची वेळ, दोन्हींत चार मिनिटांचं अंतर.

चार मिनिटांत तिनं काय तपासलं असेल, ते तिला ठाऊक होतं. छापलेली पुस्तिका तिनं स्वतःच्याच मूळ फाइलशी ताडून पाहिली असणार. दोन्ही जुळली असणारच.

त्याच तक्रारीला मागून एक पत्र जोडलेलं होतं, महिन्याभरानंतरचं. रुग्णालयाच्या चौकशी समितीचं. तक्रारीनंतर अकरा दिवसांनी लेबलांची अदलाबदल होऊन एका बाईंना दुसऱ्या गटाचं रक्त दिलं गेलं. संबंधित तंत्रज्ञाचं म्हणणं आहे की त्यानं पुस्तिकेप्रमाणेच केलं. तरी पुस्तिकेत दोष आहे किंवा कसे ते कळवावे. त्यावर साहेबांच्या सहीचं उत्तर: याआधीच तपासले असून दोष आढळला नाही. सोबत वेलांटीच्या उत्तराची प्रत.

हे पत्र तिला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. दाखवण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलं नसेल.

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा. हातातला घास तसाच ठेवून त्यानं ऐकून घेतलं.

"मुद्दाम केलंस का तू?" तो म्हणाला.

"नाही. पण त्यानं विचारलं होतं रे. सरळ विचारलं होतं, चूक आहे का म्हणून. मी नाही म्हटलं."

त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघांची ताटं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही पत्रं वाचली, खिडकीशी जाऊन उभे राहिले, परत येऊन पुन्हा वाचली. मग वकिलांना फोन लावला. फोन ठेवल्यावर त्यांचा आवाज बदललेला होता.

"ओळ बदला," ते म्हणाले. "ती बदलायलाच हवी. फक्त शेवटी बदलांची नोंद असते ना, तिथं दुरुस्ती म्हणू नका. अद्ययावत केलं म्हणा."

"पण ते अद्ययावत नाही साहेब. आधी चूक होती, ती दुरुस्त केली."

"मला कळतं ते."

"जुन्या पुस्तिका ज्यांच्याकडे आहेत त्यांना कसं कळणार? त्यांच्याकडे आजही शून्यच असेल."

"नवी पुस्तिका जाईल त्यांना."

"पुस्तिका वाचतंय कोण," वेलांटी म्हणाली. कालच ऐकलेलं वाक्य आपण आज म्हणतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं, पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. "आणि तो माणूस, साहेब?"

"सहा वर्षं झाली, बाई. त्यावर खपली धरली असेल. तुम्ही काढायला जाऊ नका."

तक्रारीच्या तळाशी त्या तंत्रज्ञाचा मोबाईल नंबर होता. तिनं पायऱ्यांवर बसून तो लावला. आपण कोण आणि कशासाठी फोन करतोय हे सांगितलं. मग तो म्हणाला, "मी हल्ली पोहण्याच्या तलावावर असतो. दुपारी दोन ते चार तलाव बंद असतो. तेव्हा या."

तलाव गावाच्या कडेला होता. फाटकावर रबरी चपलांची मांडणी, आत निळ्या फरश्या, आणि सगळीकडे क्लोरीनचा वास. तो काठावर उकिडवा बसला होता. चाळिशीच्या आसपासचा, बारीक, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. एका छोट्या काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यानं त्यात दोन थेंब टाकले, नळी उजेडात धरली, रंग पाहिला आणि वहीत आकडा लिहिला. मगच तिच्याकडे वळला.

"बसा. पाण्याची तपासणी दिवसातून तीनदा करतो. एकदा केली तरी चालते म्हणतात, पण सवय."

दोघं बाकावर बसले. वेलांटीनं चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. लाल बाण, रजेवर गेलेले मिस्त्री, चार मिनिटं. कशालाही रंग दिला नाही. ती थांबल्यावर त्यानं चिठ्ठी घडी होती तशीच घालून परत केली.

"म्हणजे मी वेडा नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हता."

"मला वाटायला लागलं होतं, की मीच एक टाकलं असेल आणि शून्य टाकलं असं डोक्यात घेऊन बसलोय. इतक्या जणांनी विचारलं, की खात्री उरली नाही." तो पाण्याकडे बघत होता. "बायको म्हणाली, सोडून द्या. दिलं सोडून. लॅबमध्ये पुन्हा कुणी घेतलं नाही. टाइल्सच्या गोदामात होतो, मग इथं आलो. त्याचं एवढं नाही."

वेलांटीनं चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

"अण्णांचं आहे," तो म्हणाला. "माझे वडील. त्याच रुग्णालयात छत्तीस वर्षं लॅबमध्ये होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. नळी कशी धरायची ते अर्ध्या विभागाला त्यांनीच शिकवलेलं. मलाही. त्यांना ब्लडप्रेशर होतं, साखर होती, पाच-सहा गोळ्या असायच्या दिवसाला. आई गेल्यापासून मीच काढून द्यायचो. मी तळहातावर ठेवल्या की ते न बघता तोंडात टाकायचे, पेपर वाचता वाचता. बरं का ताई, न बघता."

त्यानं शर्टाची दुमडलेली बाही पुन्हा नीट केली.

"ते झाल्यावर मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. कुणी विचारलं तर माझीच बाजू घ्यायचे. पण दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी माझ्याकडून पाकिटं मागून घ्यायला सुरुवात केली. चष्मा लावायचे, पाकिटावरचं नाव वाचायचे, तारीख वाचायचे, मग गोळी घ्यायचे. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे, म्हातारपणी वाचायचा छंद लागलाय मला. साडेपाच वर्षं. रोज. गेल्या थंडीत गेले, त्या दिवशी सकाळीसुद्धा वाचूनच घेतली."

वेलांटीला रडू आवरेना. आपण रडायचं आणि त्यानं बघत बसायचं हे तिला बरोबर वाटत नव्हतं, म्हणून ती तोंड फिरवून फरशीकडे बघत राहिली. थोड्या वेळानं उठून तो पाण्यावर पडलेली पानं जाळीनं काढायला लागला.

"मी काय करू, सांगा," ती म्हणाली.

"माझं काय व्हायचं ते होऊन गेलं. बैल गेला आणि झोपा केला, असं आहे हे." त्यानं जाळी झटकली. "पण तुम्ही मला शोधत आलात. त्या बाईंना कोण सांगणार? त्या वाचल्या, पण दोन्ही किडन्या गेल्या त्यांच्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर असतात. आणि ज्यांच्याकडे अजून शून्य असेल, त्यांचं काय?"

ऑफिसात परत आल्यावर तिनं बदलांची नोंद लिहिली: "कलम सात: आधीच्या सर्व छापील पुस्तिकांत ही दोन मूल्ये उलटी दिली होती. चूक आमची आहे. आपल्याकडील सेटिंग आजच तपासावे." साहेबांनी तिन्ही वाक्यं खोडून एकच लिहिलं: "कलम सात अद्ययावत केले." सही करून फाइल छपाईला पाठवली.

मिस्त्रींनी खोडलेला कागद पाहिला. त्या दिवशी ते नेहमीसारखी थट्टा करायच्या मूडमध्ये नव्हते.

"पुस्तिका साहेबांच्या सहीनं जाते," ते म्हणाले. "ड्रायव्हर माझ्या सहीनं जातो. सांग काय लिहायचं ते."

तिनं सांगितलं. त्यांनी तीच तीन वाक्यं ड्रायव्हरमध्येच घातली. ज्या संगणकावर नवी आवृत्ती चढेल, तिथं आधी ती पडद्यावर यायची आणि वाचली असं कबूल केल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. टाइप करताना मिस्त्रींनी फक्त एक शब्द विचारला, मूल्ये दीर्घ की ऱ्हस्व. तिनं सांगितलं. त्याच आठवड्यात तिनं रुग्णालयाच्या प्रमुखांना स्वतःच्या नावानं पत्र पाठवलं, चिठ्ठीची आणि तक्रारीची प्रत जोडून.

नवी आवृत्ती बाहेर पडल्यावर पाच-सहा दिवसांत नऊ ठिकाणांहून फोन आले. नऊही ठिकाणी शून्यच होतं. एका ठिकाणच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडेही दोनदा झालं असं, आम्हाला वाटलं आमचीच माणसं धांदरट. त्यानंतर साहेबांना हात झटकणं शक्य राहिलं नाही. त्यांनी सगळ्यांना रीतसर सूचना पाठवली, तीत दुरुस्ती हाच शब्द होता. मिस्त्रींना ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी करून खिशात घातली. वेलांटीला साहेबांनी बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाले, "पत्र तुम्ही न विचारता पाठवलंत. वरचे लोक ऐकायला तयार नाहीत. तुम्ही स्वतःहून नोकरी सोडलीत तर निदान तुमच्या कागदावर काही येणार नाही."

तिनं तिथंच राजीनामा लिहिला. साहेबांनी तो वाचताना डोळे वर केले नाहीत.

चार महिन्यांनी रुग्णालयाचं उत्तर तंत्रज्ञाच्या घरी गेलं. प्रकरण पुन्हा पाहण्यात आले असून आपणावर ठेवलेला ठपका मागे घेण्यात येत आहे. एवढंच; परत बोलावणं नव्हतं, दिलगिरीही नव्हती. त्यानं फोनवर वेलांटीला ते वाचून दाखवलं, दोन ओळीच होत्या.

"मोठ्यानं वाचलं घरात," तो म्हणाला. "बायको होती, मुलगी होती. मग बायकोनं दिवा लावायला घेतला, संध्याकाळ झाली होती म्हणून." आणि पुढं म्हणाला, "आता त्या बाईंकडे जाऊ या. तुम्ही एकट्या नका जाऊ. मी येतो."

त्या बाई शिवणकाम करायच्या. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मशीन, पलंगावर बेतलेल्या कापडांचे गठ्ठे. पन्नाशीच्या असतील, चेहरा सुजल्यासारखा, डाव्या दंडावर सुया टोचून उठलेल्या गाठी. तंत्रज्ञाला पाहून त्यांनी मान हलवली.

"या भाऊ. बऱ्याच वर्षांनी."

वेलांटीला हे ठाऊक नव्हतं. तो पूर्वी एकदा इथं येऊन गेला होता, ते झालं त्याच वर्षी, हात जोडून.

तिनं आपण कोण ते सांगितलं आणि मग बाकीचं सांगितलं. ड्रायव्हर, लेबलं, कलम सात, सगळं सोप्या शब्दांत. आयुष्यभर तेच काम केलं होतं तिनं. बाईंनी हातातली कात्री मशीनवर ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे यांनी आधी कळवलं होतं?"

"हो. अकरा दिवस आधी."

"आणि तुम्ही म्हणालात, बरोबर आहे."

"हो."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी कापडाचा एक तुकडा उचलला, त्याची कड बोटांनी सरळ केली.

"हे आले होते तेव्हा मी वर्षभर विचार केला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माणूस आहे. घाईत असेल, झोप झाली नसेल, घरी काही असेल. असं म्हणत म्हणत मी यांना माफ केलं. सोपं नव्हतं ते. मशीनवर चार-चार तास पडून राहायचं आणि मनात तेच दळायचं. शेवटी जमलं." त्यांनी तंत्रज्ञाकडे पाहिलं. "आणि तुमचं तर काही नव्हतंच भाऊ. उगीच माफ केलं तुम्हाला."

तो खाली बघत होता.

"आता यांचं पहिल्यापासून करायला हवं," बाई वेलांटीकडे वळून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "मला वेळ लागेल. तेव्हा अंगात जोर होता, आता तेवढा नाही. होईल की नाही, सांगत नाही मी तुम्हाला."

"नका सांगू," वेलांटी म्हणाली.

"पण येऊन सांगितलंत."

एवढं बोलून त्यांनी मशीनचं चाक हातानं फिरवलं, सुई वर घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसला जायचं होतं आणि त्याआधी दोन कपडे द्यायचे होते. दोघं उठले. जिन्यात तंत्रज्ञ पुढं झाला आणि तिसरी पायरी तुटकी आहे, जपून, असं म्हणाला.

बसथांब्यावर ते बराच वेळ उभे होते. त्याची बस आधी आली. चढण्यापूर्वी त्यानं विचारलं, "आता काय करता तुम्ही?"

"एका छापखान्यात मुद्रितं तपासते. पाठ्यपुस्तकांची."

"शंका आली तर विचारता का कुणाला?"

"प्रत्येक वेळी," ती म्हणाली. "वैतागतात लोक."

तो बसमध्ये चढला. बस हलली. तिची बस यायला अजून अवकाश होता, म्हणून ती चालतच निघाली.